उतारावरचे दगड

तुम्ही गेल्यापासून मला तुमची आठवण कमी येते आणि तुमचा संशय जास्त येतो. हे वाक्य लिहून झाल्यावर मी खोडणार होते, पण राहू दे. भेटायला येणाऱ्यांना हे सांगता येत नाही. बायका समोर बसतात, पदराने डोळे पुसतात, "सोन्यासारखा माणूस हो" म्हणतात, आणि मी मान हलवते. मनात त्या वेळी एकच प्रश्न चाललेला असतो. तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत होतं, तर मला का सांगितलं नाहीत?

आपल्या नातवंडांसाठी, गार्गी आणि सोहमसाठी, मी हे लिहिते आहे. आपली लेक मंजूषा कॅनडात बसून त्यांना वाचून दाखवील. गार्गीला आता जोडाक्षरंसुद्धा जमतात म्हणे. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं आणि मलाही. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, हिंगोलीच्या शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण तुमच्याशी मी इंग्रजीत कधी भांडले नाही, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते तुमच्याशीच बोलून संपवायला हवं. मुलांनी ऐकायला हरकत नाही. त्यांचे आजोबा कसे होते हे त्यांना हार घातलेल्या फोटोवरून कळायचं नाही. त्या फोटोत तुम्ही फार शहाणे दिसता.

संशयाची सुरुवात डॉक्टरांच्या एका वाक्याने झाली. दिवाळी होऊन गेली होती, ओसरीवरच्या खुर्चीत तुम्ही पेपर वाचता वाचता गेलात, आणि डॉक्टर येऊन सगळं बघून हात धूत होते. ते सहज म्हणाले, "काकू, हे आजचं दुखणं नाही. हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं असणार. चालताना दम लागत असेल, मध्येच थांबावं लागत असेल. माणसाला कळतं ते. काही बोलले नाहीत का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी मला वरचं तळं आठवलं. तिथलं तुमचं थांबणं आठवलं.

मुलांनो, वरचं तळं तुम्ही गेल्या हिवाळ्यात पाहिलं आहे, पण गाडीत तुम्ही दोघंही झोपला होतात, म्हणून रस्ता सांगते. हिंगोलीहून कळमनुरी, मग आखाडा बाळापूर, मग डोंगरकडा. तिथून रस्ता सोडून टेकड्यांच्या बाजूला वळलं की हळदीची वावरं मागे पडतात आणि साग सुरू होतो. टेकडीच्या माथ्याजवळ, तीन बाजूंनी काळा खडक आणि चौथ्या बाजूला जुना बांध, असं ते तळं. आता तिथे फाटक आहे, चढायला आखलेली पायवाट आहे, पक्ष्यांची चित्रं असलेले फलक आहेत, वर लोखंडी मनोरा आहे. एका बाजूने चढायचं, तळ्याच्या काठाने फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर आपण रविवारी सकाळी तिथे जायला लागलो. आयुष्यभर तुम्ही लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असले तरी तुम्ही "हद्द इथं हाय" म्हटलंत की कुऱ्हाडी खाली यायच्या. तुमचा शब्द वीतभरही इकडेतिकडे होत नाही अशी तुमची ख्याती. म्हणून तर त्या तळ्यावर तुम्ही जे बोलायचात ते मला पचायचं नाही.

"मॅडम, थांबा इथं," तुम्ही म्हणायचात. घरात मी 'अगं' होते, डोंगरावर 'मॅडम'. "बसा ह्या दगडावर. इथं बीळ हाय."

"कसलं बीळ?"

"साळिंदराचं."

"मला तर काही दिसत नाही."

"तुमाला कसं दिसंल? ते झोपलंय. आवाज करू नका, उठंल. गप बसा जरा."

मी गप्प बसायची. बसून चारी बाजूंना नजर फिरवायची. साळिंदराच्या बिळापाशी गळलेले काटे सापडतात, कुरतडलेली हाडं पडलेली असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे सरडा शिरेल एवढंसुद्धा भोक नव्हतं. मी तसं सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "पुस्तक कुणी लिहिलं? साळिंदरानं का?"

आणि सगळंच खोटं असतं तरी बरं झालं असतं. पांढऱ्या खोडाचा कांडोळ दाखवून तुम्ही त्याची साल कागदासारखी का सुटते ते सांगायचात, आणि घरी येऊन मी पडताळायची तर ते बरोबर निघायचं. खडकाच्या पोटात चमकणारे स्फटिक दाखवून म्हणायचात की लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपून हे खडे तयार झाले. तेही बरोबर. पण पुढच्याच वळणावर करवंदीच्या एका साध्या जाळीपाशी मला बसवून, ही जाळी निजामाच्या शिकारीच्या वेळेपासून इथेच आहे, असं बेधडक ठोकून द्यायचात. जन्मभर काटेकोर बोललेला माणूस म्हातारपणी थापा का मारतो? मला वाटायचं, निवृत्तीनंतर कुणी ऐकणारं उरलं नाही, म्हणून माझ्यावर मोठेपणा गाजवून घेता आहात. मी ते तोंडावर बोललेही. तुम्ही हसलात.

त्यात तुमचा बुधवार. दर बुधवारी तुम्ही मुनीरभाईंबरोबर पुन्हा तिथेच जायचात. मुनीरभाई म्हणजे तुमचे शाळेपासूनचे दोस्त, हळदीचे अडते, जुनी जीप बाळगणारे. मुलांनो, ज्यांनी तुम्हाला कच्च्या हळदीचं लोणचं खायला घातलं आणि सोहमची जीभ पिवळी झाली, ते. मी विचारायची, "एकाच तळ्यावर आठवड्यातून दोनदा काय बघायचं असतं?"

"दोस्ताची गोष्ट अलग असते," तुम्ही म्हणायचात.

मला वाटायचं, भजी. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. बुधवारी तुमच्या सदऱ्याचा मी वासही घेऊन पाहत असे. मातीचा यायचा.

डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर मात्र या सगळ्याला निराळाच अर्थ आला. तुम्ही मला बसवत नव्हता, स्वतः थांबत होता. दम लागला की एखादं झाड दाखवायचं, झाड नसेल तर बीळ काढायचं. मी बिळात डोकावत असताना तुम्ही मागे उभे राहून छातीवर हात ठेवत असाल, आणि मी वळले की हात खाली. गेल्या हिवाळ्यात मुलं मनोऱ्यावर धावत गेली तेव्हा तुम्ही वर चढला नाहीत. "मी आजीसंगं थांबतो," म्हणालात. गार्गीने उतरताना तुम्हाला विचारलं, "आजोबा, तुम्ही साळिंदर पाहिलंय का खरंच?" आणि तुम्ही म्हणालात, "मी न्हाई पाह्यलं. त्यानं मला पाह्यलंय." सगळे हसले. आता मला वाटायला लागलं की तुम्ही आम्हाला हसवून वेळ काढत होतात. श्वास जागेवर येईपर्यंत.

तेरावं झालं, मंजूषा परत गेली, आणि मी तुमच्या कपाटाची झडती घेतली. हो, झडतीच. शर्टांचे खिसे उलटे केले. एखादी गोळी, कुठल्या दवाखान्याचा कागद, काहीतरी. निघालं काय, तर बडीशेप, पळसाची वाळकी शेंग आणि माझ्या जुन्या चष्म्याची हरवलेली काडी. काहीच सापडलं नाही म्हणून माझा संशय वाढला. एवढं साफ तुमचं कपाट कधी नसायचं.

एखाद्या बाईला वाटेल, माणूस गेला, आता कळून काय फरक पडतो. मला पडतो. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एकट्याने ते वागवलंत, तर मग मी त्या घरात कोण होते? जिच्यासमोर बरं असल्याचं नाटक करावं लागतं, अशी कुणीतरी. शेवटची ती सगळी वर्षं मी एका नाटकाबरोबर संसार केला, असं होईल. त्याआधीच्या वर्षांवरही मग विश्वास राहत नाही. रडायलासुद्धा येत नाही हो. कुणासाठी रडायचं ते आधी कळायला हवं.

तुमच्यानंतर एकच माणूस उरला होता ज्याला विचारता आलं असतं. मुनीरभाई दर शुक्रवारी नमाजानंतर येऊन ओसरीवर बसत. तुमच्या खुर्चीकडे पाठ करून बसत. मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "यांना दम लागायचा का?"

"कुणाला?"

"मुनीरभाई, घरात दुसरं कोण होतं?"

त्यांनी कप उचलला, ठेवला. "न्हाई भाभी. मला तं काय बोलले न्हाईत कधी."

"बोलले का असं मी विचारलं नाही. लागायचा का?"

"भाभी, तुमी शाळेत पोरांना असंच विचारत व्हता का? बिचारी लेकरं."

उत्तर टाळण्याची ही पद्धत मला ओळखीची आहे. वर्गात चाळीस मुलांनी ती माझ्यावर करून पाहिलेली आहे. मी म्हटलं, "मला वरच्या तळ्यावर घेऊन चला."

ते दचकलेच. "तिथं काहून? तिथं काय हाय आता?"

"तेच बघायचं आहे."

त्यांनी थंडीचं कारण सांगितलं, जीपचं सांगितलं, माझ्या वयाचं सांगायला गेले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. जितकी कारणं वाढली तितकी माझी खात्री झाली. तिथे काहीतरी होतं जे मी पाहू नये असं त्यांना वाटत होतं.

आम्ही बुधवारी गेलो. मीच बुधवार ठरवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. बाळापूरला त्यांनी गाडी हळू केली. "चहा घ्यायचा का भाभी?"

"तुम्ही दोघं घ्यायचात?"

"व्हय."

"नुसता चहा?"

त्यांनी गियर बदलला.

"भजी खायचे ना ते?"

"भाभी," ते कळवळून म्हणाले, "आता गेलेल्या माणसाची भजी काहून काढता?"

मला हसू आलं. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं. तेही हसले आणि मग गळ्यातल्या रुमालाने त्यांनी डोळे पुसले. पण एक गुन्हा कबूल झाला होता. आता दुसराही होईल असं मला वाटलं.

फाटकाजवळ गयाबाईंची टपरी आहे. तुम्हाला माहीत आहेच, मला नव्हतं. रविवारी ती बंद असायची. गयाबाईंनी मुनीरभाईंना पाहिलं आणि लांबूनच ओरडल्या, "आज सायेब न्हाई आले व्हय? लई दिस झाले. बिमार हायत का?"

मुनीरभाईंनी खालच्या आवाजात सांगितलं. गयाबाईंनी हातातली पळी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी मॅडम का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "भला माणूस. पण आमाला हसू यायचं बघा. मी लाकडं आणाया जायची तवा दिसायचे. दगडावर बसायचे, उठायचे. दुसऱ्यावर बसायचे, उठायचे. पुन्हा पहिल्यावर. मी म्हणलं सुद्दा, सायेब, बूड टेकवा की एका जागी."

"चला भाभी, ऊन व्हईल," मुनीरभाई घाईने म्हणाले.

झालं. मला हवा होता तो पुरावा मिळाला. बसतो, उठतो, पुन्हा बसतो; हे दम लागलेल्या माणसाचंच लक्षण. आणि मुनीरभाईंची घाई ही त्यावरची सही. मी चढायला लागले. मनाशी ठरवलं होतं की तुम्ही जिथे जिथे थांबायचात ती प्रत्येक जागा बघायची आणि प्रत्येक जागी मुनीरभाईंना विचारायचं, म्हणजे कुठेतरी ते सापडतील.

चढाची पायवाट सागातून जाते. पानं मोठी, वाळलेली, पायाखाली पापडासारखी वाजत होती. एका फलकावर टिटवीचं चित्र होतं, शेजारी खरी टिटवी ओरडत होती. मी अर्ध्या चढावर आले तरी तुमची एकही जागा आली नाही. मला वाटलं, चुकले असेन. आणखी वर आले. कांडोळ नाही, करवंदीची जाळी नाही, बीळ नाही. मलाच दम लागला होता. मी सागाला टेकून उभी राहिले आणि विचारलं, "इथे कुठे थांबायचे ते?"

"इथं? इथं कुठं थांबतेत?" मुनीरभाई माझ्यामागून धापा टाकत येत होते. "चढावर त्याचा पाय जमिनीला लागत नव्हता भाभी. मी मागून बोंबलत यायचो, अरे थांब, मारतोस का मला! तं म्हणे, वर ये, बदकं उडून जातील."

बदकं उडून जातील. हे मी विसरलेच होते. रविवारीसुद्धा तुम्ही हेच म्हणायचात. चढताना तुम्ही कधी काही दाखवलंच नाहीत. ऊन वर यायच्या आत तळं गाठायचं असायचं. आठवणीत चढ आणि उतार एकमेकांत मिसळून गेले होते आणि तुमचं थांबणं मी सगळीकडे पसरून ठेवलं होतं.

तरी मी मुनीरभाईंवर विश्वास ठेवला नाही. दोस्त दोस्तासाठी खोटं बोलतोच. वर तळ्यावर चक्रवाकांची जोडी पाण्यात होती, विटकरी रंगाची, आणि पाणकावळे बांधाच्या खुंटावर पंख वाळवत बसले होते. मुनीरभाईंनी बोटाने दाखवले. मी बघितल्यासारखं केलं. माझं लक्ष उताराकडे होतं.

तळ्याच्या पलीकडच्या बाजूला पायवाट खडकातून एकदम खाली पडते. चढाला पायऱ्या आहेत, इथे नाहीत. नुसता मुरूम आणि मोठमोठे उंचवटे. पहिला उतार संपेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी मला सांगून टाकलं होतं की आता एक पाऊलही नको. हे दुखणं जुनं आहे. चढताना ते गप्प असतं, उतरताना बोलतं. मी ते कुणाजवळ काढलेलं नाही. मंजूषाजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही, तुमच्याजवळ तर नाहीच. तुमच्यापुढे चालताना माझा हात कधी भिंतीला गेला नाही याची मी काळजी घेत असे. आणि नेमकं तिथे, जिथे पाय नको म्हणत होते तिथे, कांडोळ उभा होता. पांढराफेक. त्याच्याखाली दगड.

मी बसले.

तुमच्या हाताखाली शिकलेली नसले तरी चार गोष्टी मला कळतात. तो दगड खुर्चीच्या उंचीचा होता. बसताना वाकावं लागत नव्हतं आणि उठताना जोर लावावा लागत नव्हता. वरची बाजू सपाट होती. सकाळचं ऊन त्यावर येत नव्हतं. मी हलून पाहिलं. तो हलला नाही. बसल्या जागेवरून खाली बघितलं, तर पुढचा उतार संपतो तिथे करवंदीची जाळी दिसत होती. तिच्या पुढ्यात दुसरा दगड होता. मी उठले, तिथवर गेले. तीच उंची. तोही हलेना. आणि तिथून खाली, साळिंदर जिथे कधीच नव्हतं त्या वळणावर, तिसरा.

मोजणी करताना तुम्ही एका खुणेवर उभं राहिलात की पुढची खूण दिसलीच पाहिजे असं म्हणायचात. हे इतकी वर्षं तुमच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मला जाळीजवळच्या दगडावर बसल्यावर ऐकू आलं.

"मुनीरभाई," मी म्हटलं, "बुधवारी तुम्ही दोघं इथे काय करायचात?"

ते उभेच होते. आभाळाकडे बघत होते.

"भाभी, न सांगायचं वचन दिलं व्हतं."

"ज्याला दिलं होतं तो गेला."

"म्हणून तं तोडता येत न्हाई."

"बरं. मग मी सांगते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. ते दगड शोधत होते."

मुनीरभाई समोरच्या खडकावर बसले. बोलायला लागले, आणि मग थांबेनात. "शोधत व्हता? अहो, छळलं त्यानं मला. प्रत्येक दगडावर बसायचा, उठायचा. म्हणे, हा उंच हाय, हा ठेंगणा हाय, ह्याच्यावर ऊन येतंय. तुमी आता बसलात ना, तो डुगडुगत व्हता. गाडीतून पहार आणाया लावली. ह्या वयात दोघं म्हातारे दगड हलवून राहिलो! मी म्हणलं, काय रे, रिटायर झाला तरी हद्दीचे दगड रोवून राहिला का? तं म्हणे, मॅडमची हद्द हाय. बराबर पाहिजे."

मी दगडाच्या कडेवरून हात फिरवला.

"मी म्हणलं, सरळ सांग ना भाभीला. म्हणावं, गुडघे दुखतेत तं काठी घे. तं म्हणे, तुला मरायचं असंल तं तू सांग."

"आणि?"

"आणि काय. म्हणे, सांगितलं तं ती यायचीच बंद करंल. मग मी रविवारी कुणासंगं भांडू?"

सागाची पानं वाजत होती. खालच्या बाजूने एक नीलगाय उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि मुनीरभाई रुमालात तोंड घालून बसले होते. मला या माणसाबद्दल एक गोष्ट त्या दिवशी कळली. त्यांना खोटं बोलता येत नाही. फार तर गप्प बसता येतं, तेही नीट नाही. म्हणून मग मी पुन्हा एकदा विचारलं, शेवटचं. "त्यांना दम लागायचा का?"

"मला लागायचा भाभी," ते म्हणाले. "कुराणाची कसम. त्याला न्हाई."

आता तुमच्याशी बोलते. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. थकलेलं हृदय मालकालाही न सांगता थकत असेल. डॉक्टरांनी 'असणार' म्हटलं होतं, 'होतं' म्हटलं नव्हतं. हा फरक मी जन्मभर मुलांना शिकवला आणि स्वतःच्या वेळी विसरले. पण तुमच्याविरुद्ध माझ्याकडे एकच साक्ष होती, तुमच्या थांबण्याची, आणि ती उलटली. उतारावर दम लागत नाही. तुम्ही माझ्यापासून स्वतःचं दुखणं लपवत नव्हता. माझं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, हे लपवत होता.

तरीही तुम्ही सुटलात असं समजू नका. माझ्या गुडघ्यांबद्दल तुम्हाला कळलं कसं? मी इतकी सांभाळून चालत होते. म्हणजे मी तुमच्या सदऱ्याचा वास घेत होते तेव्हा तुम्ही माझी पावलं मोजत होता. एका घरात आपण दोघं एकमेकांवर पाळत ठेवून राहिलो आणि दोघांनाही वाटलं की पाळत आपणच ठेवतो आहोत. मला राग आला आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू, तुमचा पुन्हा नीट राग येतो आहे. त्या दगडावर बसून मी तुमच्यासाठी रडले. कुणासाठी रडते आहे ते मला पक्कं माहीत होतं.

गार्गी, तू विचारलं होतंस म्हणून सांगते. तिथे साळिंदर नाही. कधीच नव्हतं. आजोबा थाप मारत होते, आणि मी ते तेव्हाच ओळखलं होतं. थाप कशासाठी होती तेवढं ओळखलं नव्हतं. कांडोळ खरा आहे, स्फटिक खरे आहेत. निजामाच्या जाळीबद्दल मला अजून शंका आहे, ती मी पडताळणार आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा तुम्ही धावत खाली जा. माझ्याबरोबर थांबू नका. मला कुठे बसायचं ते ठाऊक आहे.

त्या दिवसाचं थोडं राहिलं. तिसऱ्या दगडानंतर फाटकापर्यंत एक छोटा घसरडा उतार उरतो. तिथे बसायजोगा दगडच नाही. तुम्ही तिथे कसं निभवायचात ते मला कितीही आठवून आठवेना. बहुतेक माझ्या पुढे चालून वाट अडवत असाल, म्हणजे मला हळू चालावंच लागेल. मी मध्यावर आले आणि पाय थांबले. मुनीरभाई चार पावलं पुढे गेले होते. त्यांनी वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा गोंधळला. मग त्यांनी भलत्याच एका झुडपाकडे बोट केलं.

"भाभी, ते बघा," ते म्हणाले, "ते झाड... त्याला काय म्हणतेत... लई जुनं हाय ते..."

ते घाणेरीचं झुडूप होतं. गेल्या पावसाळ्यात उगवलेलं.

"मुनीरभाई, झाड राहू द्या," मी म्हटलं. "माझे गुडघे दुखताहेत. हात द्या."